आत कोरं ठेवा

१२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून वही सुरू. वही ऑफिसची आहे, हे आधीच कबूल करून टाकते. निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामं करताना ती माझ्या पिशवीत आली. एकतीस वर्षं लोकांच्या जन्माचे दाखले हाताने लिहून दिले, तेव्हा एका वहीवर माझा हक्क आहे, असं मी ठरवून टाकलं आहे.

दाखले आता यंत्रातून निघतात. निरोप देताना साहेब म्हणाले, "तुमचं अक्षर आम्हाला आठवत राहील." मी मनात म्हटलं, आठवण्यापेक्षा ठेवून घेतलं असतंत तर बरं झालं असतं.

घरी बसून दोन महिने झाले. तेवढ्यात मी स्वयंपाकघरातले सगळे डबे पुसून त्यांना लेबलं लावली, ती आवडली नाहीत म्हणून दुसरी लावली, आणि मग ह्यांच्या हत्यारांच्या खणाला हात घातला. तेव्हा हे लग्नानंतर बहुधा दुसऱ्यांदा आवाज चढवून म्हणाले, "तू काहीतरी कर. काहीही कर. पण माझ्या खणात करू नकोस!"

हे दातांच्या कवळ्या बनवतात. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागावर कायम परक्या माणसांचे दात मांडलेले असतात. पाहुणे दचकतात. मला त्यांची इतकी सवय आहे की एखादा दिवस टेबल रिकामं असलं तर घरात कोणी नाही असं वाटतं.

शेवटी लेकीने फोनवरून निकाल दिला. "आई, माझ्या लग्नाच्या पत्रिका तू हाताने रंगवल्या होत्यास ना? तशी शुभेच्छापत्रं कर आणि वीक." वीक म्हणे! ताईला कळलं तर हसून हसून खाली बसेल. पण कळवणार कोण? माझं आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं चार वर्षं बोलणं नाही. ती नदीच्या पलीकडे, मी अलीकडे. पूल आहे, पण आमच्या कामाचा नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून अकरा पत्रं केली. त्यातली नऊ केराच्या टोपलीत गेली. कागद पाण्याने फुगतो आणि मध्ये डबकं साचतं. पत्रिकांच्या वेळी कागद फळीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने आवळून घ्यायचे, हे मी साफ विसरले होते. चार वर्षांत हात जड झाला आहे.

उरलेल्या दोनांपैकी एक हातात घेऊन हे म्हणाले, "घोडा छान जमलाय."

तो फुलांचा गुच्छ होता. संध्याकाळचा चहा ह्यांना स्वतः करून घ्यावा लागला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज युरेका! सुतळी शोधताना खणात मेणबत्तीचा तुकडा सापडला आणि एकदम डोक्यात उजेड पडला.

लहानपणी ताईचा आणि माझा एक खेळ होता. मेणबत्तीच्या टोकाने कोऱ्या कागदावर लिहायचं. पांढऱ्यावर पांढरं, काही दिसत नाही. मग ज्याला चिठ्ठी मिळाली त्याने वरून रंगाचं पाणी फिरवायचं. मेणावर रंग चढत नाही, त्यामुळे अक्षरं पांढरीशुभ्र वर येतात. 'आई चिडली आहे, आज घरी उशिरा ये', 'बिस्किटं वरच्या फळीवर आहेत' असली सगळी राष्ट्रीय गुपितं आम्ही अशी कळवत होतो. आईला वाटायचं, पोरी कोऱ्या कागदांशी काय खेळतात कोण जाणे.

तेच आज केलं. ह्यांनी कवळ्यांचं मेण कोरायच्या बारीक सुरीने मेणबत्तीला पेन्सिलीसारखं टोक काढून दिलं. (खण स्वतः उघडून दिला, मला लांब उभं करून.) लिहिताना अक्षर दिसत नाही, कागद उजेडाकडे तिरका धरून नुसती चमक बघत जायचं. पण निळा रंग फिरवला आणि अक्षरं अशी उठून आली की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

लेकीच्या लग्नात ताईची पत्रिका मी अशीच केली होती. बाकी दोनशे पत्रिका रंगाच्या आणि शाईच्या, ही एकच मेणाची, आमच्या दोघींच्या खेळातली. आधी फोनवर ती मला म्हणाली होती, "तुझ्या रंगकामात नाव-गाव वाचता येत नाही, सरळ छापून घे." मी म्हटलं होतं, "मग तुला पाठवतच नाही, जा!" असं बोलले, पण मनाला लागलं म्हणून तिची पत्रिका सगळ्यांत जीव ओतून केली. बरोबर एक शब्दाची चिठ्ठी नाही, काही नाही. ताईला समजावून सांगायला कशाला हवं?

तरी बाईसाहेब लग्नाला आल्या नाहीत. फोन नाही, निरोप नाही. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मी शेवटपर्यंत अडवून धरली होती. तिच्यावर शेवटी कोणाची तरी पर्स बसली. पुढचं नको, इथे थांबते.

२१ फेब्रुवारी, बुधवार

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. दुकान चालवणारी बाई पस्तिशीची, उंच, सडपातळ, आणि हातात कायम फूटपट्टी. बोलताना ती गिऱ्हाइकाकडे रोखते. मी तिचं नाव फूटपट्टीच ठेवलं आहे.

तिने माझी वीस पत्रं एकेक करून बघितली. "काकू, ही पांढरी अक्षरं केली कशी?"

मी खेळ सांगितला.

"मग हे लिहून आत घाला की. लोकांना असलं वाचायला आवडतं." तिने मला खालची एक फळी दिली, खोडरबरांच्या शेजारी, एक महिन्यासाठी. चाललं तर पुढे बघू म्हणाली.

घरी येऊन प्रत्येक पत्रात एकेक चिठ्ठी घातली: 'ही अक्षरं रंगवलेली नाहीत. आधी मेणबत्तीने लिहिली, मग वरून रंग फिरवला. लहानपणीचा खेळ आहे.' सही म्हणून कोपऱ्यात एक मुंगी काढली. लहानपणी माझ्या अक्षरांना पाय फुटायचे म्हणून ताई मला मुंगी म्हणायची. तिच्यावर राग आहे, मुंगीवर नाही.

२ मार्च, शनिवार

दहा दिवस काही लिहिलं नाही, कारण काही खपलं नाही. 'हार्दिक शुभेच्छा' आणि 'मंगल कामना' खोडरबरांशेजारी धूळ खात होत्या. फूटपट्टी म्हणाली, "काकू, तुम्ही बोलता तसं का लिहीत नाही? तुमची पत्रं फार सोवळ्यातली आहेत."

मला राग आला. मग घरी येऊन रागातच सहा पत्रं केली, आत तीच चिठ्ठी आणि मुंगी घालून.

'लवकर बरे व्हा. तुमच्या आजाराचा आम्हाला कंटाळा आला.'

'निवृत्तीच्या शुभेच्छा. कोणाच्या खणाला हात लावू नका.'

'पन्नाशी झाली? दिसत नाही. अंधारात तर अजिबात नाही.'

सकाळी दिली, दुपारपर्यंत सहाही गेली! खणाचं आणखी एक पत्र ह्यांनी स्वतःसाठी करून घेतलं होतं, ते आता हत्यारांच्या खणावर चिकटवलं आहे. मी इतकी खूश आहे की तेही चालवून घेतलं.

५ मार्च, मंगळवार

लेकीचा फोन. बाळ एप्रिलच्या मध्यात येईल, असं डॉक्टर म्हणतात. मी म्हटलं, मी पहिल्या आठवड्यातच येते.

"एकटी?"

"म्हणजे काय? बाबांना कवळ्या सोडून कसं येता येईल?"

"बाबांचं नाही विचारत. मावशीला घेऊन येणार आहेस का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "आई, मी मावशीला विचारलं, का आली नाहीस लग्नाला? ती म्हणते, आईला विचार. तुला विचारलं, तर तू म्हणतेस, तिला विचार. मी काय टपाल खातं आहे? मला मुलगी झाली किंवा मुलगा, त्याला तुम्ही दोघी एका खोलीत दिसल्या पाहिजेत. एकटी आलीस तर दार उघडणार नाही, सांगून ठेवते."

असली धमकी ती माझ्याकडूनच शिकली, त्यामुळे ती खरी करेल याची मला खात्री आहे. पण मी का म्हणून आधी जायचं? बोलावलं मी, आली नाही ती.

आणि खरं सांगायचं तर मला ताईची फार आठवण येते. 'पन्नाशी' वाचून ती कशी हसली असती ते मला ऐकू येतं. हसताना ती आधी तोंडावर हात धरते आणि मग खुर्चीचा. हे वहीत लिहिलं आहे, इथून बाहेर जाणार नाही.

९ मार्च, शनिवार

पहिली खास ऑर्डर! कोणी एक बाई दुकानात आल्या, नाव सांगितलं नाही. फूटपट्टी म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या. मागच्या आठवड्यात तुमचं एक पत्र घेऊन गेल्या, तेव्हा आतली चिठ्ठी चारदा वाचली आणि बाकावर बसून राहिल्या. मी पाणी दिलं. आज परत आल्या आणि म्हणाल्या, हिच्याकडून मला एक पत्र करून हवं आहे."

चिठ्ठी वाचून बाकावर बसावं लागलं! माझ्या लिहिण्यात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

ऑर्डर अशी: पत्र धाकट्या बहिणीसाठी. बरीच वर्षं अबोला आहे. चित्रात दोन खुर्च्या समोरासमोर, दोन्ही रिकाम्या. वरचा मजकूर करणारीने ठरवावा. 'माफ कर' नको आणि 'माफ केलं'ही नको, मधलं काहीतरी. आणि आत कोरं ठेवा.

बघा, जगात घरोघरी हेच आहे. त्या बाईंबद्दल मला एकदम माया वाटली. थोरली असून आधी हात पुढे करते आहे. आमच्या थोरलीला कधी सुचेल का हे?

१४ मार्च, गुरुवार

माया आटली. पत्र परत आलं.

तीन दिवस खपून दोन खुर्च्या काढल्या होत्या, मागे फिका पिवळा, आणि वर मेणाने 'पुरे झालं आता'. फूटपट्टी म्हणाली होती, "काकू, ही काय शुभेच्छा झाली?" पण बाईंना मजकूर फार आवडला म्हणे. तोंडावर हात धरून हसल्या. फक्त खुर्चीचे पाय आवडले नाहीत. पेन्सिलीने बारीक खूण करून बाजूला लिहिलं आहे: 'या कोनात बसणारी पडेल.'

पडेल! खुर्ची कागदावर आहे! कोनांचं इतकं वेड मी आयुष्यात एकाच माणसात बघितलं. आमच्या ताईने तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, ती घरातल्या भिंतीसुद्धा गुण्या लावून बघते. म्हणजे तशा बाया आणखी आहेत तर. त्यांच्या धाकट्या बहिणीची मला कीव आली. या बाईंचं नाव मी कोनवाल्या बाई ठेवलं.

हे खुर्ची निरखून म्हणाले, "पाय तिरका आहे खरा."

ह्यांना कोणी विचारलं होतं?

१६ मार्च, शनिवार

दुसरं पत्र देताना मी फूटपट्टीजवळ निरोप ठेवला. "त्या कोनवाल्या बाईंना म्हणावं, पत्र पाठवताय ते छान. पण अबोला सोडायला इतकी वर्षं कशाला लागली? थोरलीने मोठं मन दाखवायचं असतं."

दुपारी मेणबत्त्या घ्यायला गेले, तर उत्तर हजर! फूटपट्टीने ते शब्दशः वहीत उतरवून ठेवलं होतं: "धाकटीला म्हणावं, फोन तुझ्याकडेही होता ना?"

मी म्हटलं, "धाकटीला कशाला? मला म्हणा, मी निरोप दिला."

"त्या असंच म्हणाल्या, काकू. धाकटीला."

"बरं, मग त्यांना सांग, धाकटीने बोलावून झालं असेल आणि थोरली आली नसेल, तर धाकटीने आणखी किती वेळा बोलवायचं?"

संध्याकाळी फूटपट्टीचा फोन आला: डॉक्टरांकडून परतताना बाई पुन्हा दुकानात आल्या आणि हा निरोप त्यांनी दोनदा सांगायला लावला. मग म्हणाल्या, "तेही खरं आहे." डोळ्यांत औषध घातलं होतं म्हणून पाणी येत होतं, असं फूटपट्टी म्हणाली. खुर्च्या या वेळी पसंत पडल्या.

मला उगीचच वाईट वाटलं. परक्या बाईशी इतकं तोडून बोलायला नको होतं.

२० मार्च, बुधवार

महिना संपला. फूटपट्टीने मला खालच्या फळीवरून डोळ्यांसमोरच्या फळीवर नेलं. आता मी पाकिटांच्या शेजारी आहे, खोडरबरांच्या नाही! हे म्हणाले, "बढती झाली. ऑफिसात एकतीस वर्षांत झाली नाही, इथे महिन्यात झाली."

दिवसभर आनंदात होते. संध्याकाळी लेकीचा निरोप आला, नुसता एक प्रश्न: 'एक की दोन?' मी फोन उपडा ठेवला.

२७ मार्च, बुधवार

टपालातून पाकीट आलं. वरचं अक्षर बघितलं आणि मी दारातल्या पायरीवरच बसले. ताईचं अक्षर. प्रत्येक उभी रेघ सरळ, ओळंबा लावल्यासारखी.

पाकीट फोडलं. आतून माझ्याच दोन खुर्च्या निघाल्या. 'पुरे झालं आता.' कोपऱ्यात माझीच मुंगी माझ्याकडे बघत होती.

कोनवाल्या बाई म्हणजे ताई! बाकावर बसलेली ताई, तोंडावर हात धरून हसलेली ताई, आणि तिला मी दुकानातून शहाणपण शिकवत होते! मी रडत होते की हसत होते ते ह्यांनाही कळेना. हे हातात कुणाची तरी खालची कवळी घेऊन तसेच दारात उभे राहिले.

मग पत्र उघडलं.

आत कोरं. एक अक्षर नाही. उलटून बघितलं, पाकीट झटकून बघितलं, काही नाही.

म्हणजे चार वर्षांनी पत्र पाठवलं, तेही माझ्याच हातचं, आणि स्वतःचा एक शब्द घालवला नाही. 'ये' म्हणता आलं नसतं? निदान 'ताई' एवढं तरी? इतका अपमान मला तिच्या न येण्यानेही वाटला नव्हता. ह्यांना म्हटलं, टाकून द्या ते.

जेवले नाही. लिहवत नाही.

२८ मार्च, गुरुवार

आता जे लिहिणार आहे त्याच्या पहिल्याच ओळीत तीनदा खाडाखोड झाली. ऑफिसात इतकी खाडाखोड झाली असती तर दाखला फाडून नवा करावा लागला असता.

सकाळी चहा घेऊन टेबलाशी आले, तर हे पत्र उघडून आतल्या कोऱ्या पानावर अंगठा फिरवत होते. हळूहळू, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, कवळी तपासतात तसा.

"टाकलं नाहीत?"

"हे कोरं नाही," हे म्हणाले. "मेण आहे यावर."

"काहीतरीच!"

"चाळीस वर्षं मेणात बोटं आहेत माझी. बघ, इथे गुळगुळीत, इथे खरखरीत. चांगल्या चार-पाच ओळी आहेत."

मी ब्रश शोधला, सापडेना, मग तो माझ्या हातातच होता. निळा रंग भिजवला आणि वरून एक हात फिरवला. ताईची सरळ, उभी अक्षरं एकेक करत बाहेर आली.

'मुंगे, तुझं लग्नाचं आमंत्रण मला या महिन्यात वाचता आलं. चार वर्षं मी ते कोरंच समजत होते. जेवण शिल्लक आहे का?'

मी ते तीनदा वाचलं. मग सगळं डोक्यात उतरलं आणि मी ह्यांचा दंड घट्ट धरला.

मी तिला कोरा कागद पाठवला होता! 'तुला पाठवतच नाही, जा' असं म्हणून आठ दिवसांनी एका छान पाकिटात कोरा कागद! पन्नास वर्षांपूर्वीचा खेळ तिला आठवेलच, असं मीच धरून चालले. तिला वाटलं असणार, बोलल्याप्रमाणे केलं हिने. मी खुर्ची अडवून बसले होते आणि ती घरी तो कोरा कागद घेऊन बसली होती. माझ्याइतकी मूर्ख बाई जन्माच्या नोंदींमध्ये कुठेही सापडणार नाही, आणि मी सगळ्या नोंदी बघितल्या आहेत.

"मला का नाही विचारलंत तेव्हा?" मी ह्यांच्यावरच घसरले.

"तेव्हा पाकीट तू चिकटवलं होतंस," हे म्हणाले. "माझ्या अंगठ्याखालून गेलं नाही."

२९ मार्च, शुक्रवार

उत्तर केलं. मेण नाही, रंग नाही, चित्र नाही. जाड बोरू घेऊन काळ्या शाईत दोनच शब्द, पानभर मोठे: 'आहे. ये.'

पाकिटात घातलं आणि टपालपेटीपर्यंत गेले. मग वाटलं, याला पोचायला दोन दिवस लागतील. चार वर्षं थांबले, आता दोन दिवस थांबवेना. तशीच बसमध्ये बसले. घरातली चप्पल पायात होती, हे पूल ओलांडल्यावर लक्षात आलं.

ताईने दार उघडलं. केस सगळे पांढरे झालेत, नवा चष्मा आहे. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग चपलेकडे, मग पाकिटाकडे. मी पाकीट पुढे केलं. तिने उघडलं, वाचलं, आणि पान उजेडाकडे तिरकं धरून बघितलं.

"आणखी काही लपवलेलं नाही ना यात?"

"नाही गं!"

"मग आत ये. दारात उभी राहून रडू नकोस, शेजारी बघतात." हे म्हणताना ती स्वतःच रडत होती.

तिच्या टेबलावर चार वर्षांपूर्वीची ती पत्रिका उभी करून ठेवली होती, फुलदाणीला टेकवून. घरात रंग नव्हते, म्हणून तिने त्यावर चहा ओतला होता. तपकिरी डागांमध्ये माझी अक्षरं पांढरी उठून आली होती. ती मीही पहिल्यांदाच बघत होते, कारण लिहिताना काही दिसत नाही. तारीख, वेळ, जागा, आणि खाली: 'ताई, तू आल्याशिवाय मी लग्न लागू देणार नाही.'

"लागू दिलंस की," ताई म्हणाली.

मला तिच्याकडे बघवेना. "तू फेकून का नाही दिलीस गं ती?"

"कागद चांगला होता," ती म्हणाली. मग पत्रिका फुलदाणीला नीट टेकवत म्हणाली, "पाकिटावर तुझं अक्षर होतं."

आम्ही दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसून ताजा चहा प्यायलो. मग तिने 'पन्नाशी'चं पत्र काढलं, तेच तिने पहिल्यांदा घेतलं होतं, आणि मला ते मोठ्याने वाचून दाखवलं. आधी तोंडावर हात, मग खुर्चीचा.

६ एप्रिल, शनिवार

लेकीकडे पोचलो. दाराची घंटा ताईने वाजवली. आतून आवाज आला, "एक की दोन?"

"दोन!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

दार उघडायला ती पोट सावरत आली आणि आमच्या दोघींच्या गळ्यात पडली, म्हणजे जितकं पडता येतं तितकं. ताईने तिच्या कानाशी आधी हेच सांगितलं की सोफ्यावर बसताना पाठ भिंतीशी काटकोनात ठेव.

ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. ताईची पत्रिका, 'तू आल्याशिवाय' वगैरे. हे विचार करून म्हणाले, "म्हणजे तांत्रिकदृष्ट्या लग्न अजून लागलेलंच नाही. जावईबापूंना कोणीतरी सांगायला हवं."

१७ एप्रिल, बुधवार

मुलगी झाली. रविवारी पहाटे. दोघी छान आहेत. बाळाचे पाय सरळ आहेत, ताईने तपासले.

आज दवाखान्यातून यंत्राचा दाखला मिळाला. मला बघवेना. लेकीला म्हटलं, मी हाताने करते, आणि सगळ्या नातेवाइकांना कळवायची पत्रंही. चाळीस पत्रं होतील. ताई समोर बसून म्हणाली, "छापून घे." मग माझं तोंड बघून म्हणाली, "बरं, बरं. मी पाकिटं करते."

सगळी पत्रं काळ्या शाईत, ठसठशीत लिहिली. प्रत्येक पाकीट चिकटवण्याआधी ताईने ते उघडून, चष्मा वर करून, आत लिहिलेलं आहे ना हे बघितलं. चाळीसच्या चाळीस.

एकच मेणाचं केलं, बाळासाठी, मोठी झाल्यावर द्यायचं. त्यात काय लिहिलं ते इथेही लिहीत नाही. ताईने ते माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं, आणि मागे पेन्सिलीने मोठ्या, सरळ, उभ्या अक्षरांत लिहिलं: 'कोरं नाही. वरून रंग फिरव.'